विंचवाचे बिऱ्हाड, ॲम्पसकट

परदेशस्थ इंडी बँड म्हणजे चार ते सहा माणसे, एक व्हॅन आणि नेमकी कोणाच्याच नावावर नसलेली उधारी यांचे फिरते एकत्र कुटुंब. ‘इंडी’ हे ‘इंडिपेंडंट’चे लघुरूप. मोठ्या रेकॉर्ड कंपनीच्या आश्रयाला न जाता छोट्या, स्वतंत्र लेबलवर रेकॉर्ड काढतो तो इंडी बँड. व्यवहारात हे स्वातंत्र्य बहुतेक वेळा समोरच्याला मिळते. बँडला पैसे केव्हा द्यायचे, किती द्यायचे आणि द्यायचे की नाही, हे तो ठरवतो. असा बँड आपल्या गावात असेपर्यंत त्याचे हाल आईबापांच्या डोळ्यांदेखत होतात. तो परदेशी गेला की त्याच हालांना करिअर म्हणतात.

या प्रकाराच्या अभ्यासाला सर्वांत सोयीचा नमुना म्हणजे 1977 ते 1989 या काळात ऑस्ट्रेलियातून लंडनला गेलेले बँड. ब्रिस्बेनहून द सेंट्स आणि द गो-बिटवीन्स गेले, मेलबर्नहून द बर्थडे पार्टी, पर्थहून द ट्रिफिड्स. नमुना सोयीचा अशासाठी की इथे भाषा तीच, राणी तीच आणि गाडी हाकायची रस्त्याची बाजूही तीच होती. तेव्हा जे हाल झाले ते अगदी शुद्ध स्वरूपात झाले, परक्या भाषेची त्यात भेसळ नाही.

गाव सोडण्याची कारणे दोन. पहिले अंकगणिताचे. 1981 साली अख्ख्या ऑस्ट्रेलियाची लोकसंख्या दीड कोटीच्या आसपास होती; त्याच वर्षी एकट्या महाराष्ट्राची सव्वासहा कोटींवर गेली होती. आता समजा, दर दहा हजारांत एका माणसाला विचित्र चालीची, उदास शब्दांची गाणी आवडतात. म्हणजे देशभरात पंधराशे श्रोते झाले. हे पंधराशे लोक एका सभागृहात बसले असते तर प्रश्न मिटला असता. ते पाच शहरांत विखुरलेले, आणि सिडनी ते मेलबर्न अंतर नऊशे किलोमीटरच्या घरात. पर्थच्या बँडला मेलबर्नला जायचे तर सुमारे 3,400 किलोमीटर, म्हणजे पुणे-नागपूर हे अंतर जवळजवळ पाच वेळा. वाटेत नलार्बोर नावाचे पठार लागते. या नावाचा लॅटिनमधला अर्थच मुळी ‘झाड नाही’ असा आहे. तिथे रस्त्याचा एक तुकडा 146 किलोमीटर नाकासमोर सरळ जातो. वळण नाही, घाट नाही, चहाची टपरी तर नाहीच. ट्रिफिड्सनी हे पठार इतक्या वेळा पार केले की पुढे त्यांच्या गाण्यांत इतकी रिकामी जागा कुठून येते, असे समीक्षकांना विचारावे लागले नाही.

दुसरे कारण मनाचे. ए. ए. फिलिप्स या मेलबर्नच्या लेखकाने 1950 साली एका निबंधात ‘कल्चरल क्रिंज’ असा शब्द घडवला. आपल्या देशातले काहीही साहेबाच्या देशातल्यापेक्षा हलकेच असणार, अशा समजुतीने जे अंग चोरले जाते त्याला हे नाव. मराठी वाचकाला यावर वेगळे भाष्य नको. ज्यांच्या घरात एक तरी ‘विलायतेहून परत आलेले काका’ होऊन गेले, त्यांना हा सिद्धान्त तोंडपाठ आहे.

सेंट्सची हकीकत या सिद्धान्ताचे प्रात्यक्षिक म्हणून सांगता येते. या पोरांनी 1976 मध्ये ब्रिस्बेनमध्ये स्वतःच्या खर्चाने एक सिंगल काढली आणि प्रती पाकिटांत घालून सगळीकडे धाडल्या. ऑस्ट्रेलियात कोणी फारसे लक्ष दिले नाही. एक प्रत लंडनच्या ‘साउंड्स’ या साप्ताहिकात पोचली आणि त्याने तिला या आठवड्यातलीच काय, कुठल्याही आठवड्यातली सर्वोत्तम सिंगल ठरवून टाकले. मग लंडनच्या ईएमआय कंपनीने आपल्या सिडनी कचेरीला कळवले की ब्रिस्बेनमध्ये असा असा बँड आहे, त्याच्याशी करार करा. ब्रिस्बेनचा आवाज सिडनीच्या कानी पडायला लंडनला वळसा घालावा लागला. द्राविडी प्राणायाम म्हणतात तो हाच. 1977 मध्ये बँड लंडनला पोचला तेव्हा तिथे पंकची लाट होती: काटेरी केस, फाटके शर्ट, सेफ्टी पिना. सेंट्सचे केस लांब आणि कपडे आपले नेहमीचेच होते. कंपनीने नवा वेश सुचवून पाहिला, यांनी नकार दिला. बंडखोरांच्या गणवेशाला नकार दिल्यामुळे ते पुरेसे बंडखोर नाहीत, असा निष्कर्ष काढण्यात आला.

ब्रिस्बेनच्या बाबतीत आणखी एक कारण होते, ते म्हणजे सरकार. क्वीन्सलंडचे प्रीमियर जो ब्येल्के-पीटरसन 1968 ते 1987 अशी जवळजवळ दोन दशके खुर्चीत होते. सप्टेंबर 1977 मध्ये त्यांनी रस्त्यावरच्या राजकीय मोर्चांना बंदी घातली. पोलीस तरुणांच्या कार्यक्रमांनाही हजेरी लावत, तिकीट न काढता. एवढे नियमित प्रेक्षक दुसऱ्या कोणी मिळवून दिले नसते, पण बँडना त्याची किंमत कळली नाही.

जायचे ठरले की पहिला प्रश्न कागदपत्रांचा. राष्ट्रकुलातल्या तरुणांना तेव्हा ब्रिटनमध्ये काही काळ काम करत सुटी घालवण्याची मुभा होती, आणि ज्यांचे आजी किंवा आजोबा ब्रिटनमध्ये जन्मले त्यांना आणखी बरी सोय. त्यामुळे एरवी घराण्याबद्दल तिरस्काराने बोलणारे गिटारवादक अचानक आजीच्या जन्मदाखल्यासाठी कपाटे उपसू लागत. दाखला मिळाला की रॉक अँड रोलच्या वाटेतला मोठा अडथळा दूर झाला, असे आजीच्या कृपेने म्हणता येई.

लंडनमध्ये उतरल्यावर बिऱ्हाड थाटणे आले. अर्ल्स कोर्ट या भागात ऑस्ट्रेलियन इतके दाटले होते की त्याला ‘कांगारू व्हॅली’ असे टोपणनाव पडले होते. जागेचे प्रकार दोन: बेडसिट आणि स्क्वॉट. बेडसिट म्हणजे एक खोली. तिच्यातच पलंग, शेगडी, बेसिन, दोन गिटारी आणि ज्याची दुसरीकडे सोय लागली नाही असा ड्रमर. स्क्वॉट म्हणजे रिकाम्या पडलेल्या इमारतीत विनाभाडे घुसून राहणे. बेडसिटमध्ये भाडे द्यावे लागते आणि स्क्वॉटमध्ये वीज नसते, एवढा फरक सोडला तर ओल दोन्हींकडे सारखीच. खोलीतल्या गॅसला मीटर असे आणि त्यात 50 पेन्सचे नाणे टाकल्याशिवाय ऊब मिळत नसे. डिसेंबरात लंडनला चारच्या आत सूर्य मावळतो. त्याच वेळी ब्रिस्बेनमध्ये भर उन्हाळा असतो आणि नातेवाईक समुद्रकिनाऱ्यावर नाताळ साजरा करत असतात. गिटारवादक अंगावर कोट, कोटावर पांघरूण घेऊन मीटरकडे बघत बसे आणि खिशातले नाणे गॅसमध्ये घालावे की घरी फोन करावा याचा विचार करी. या परिस्थितीत गाणी आनंदी होत नाहीत.

परदेशातल्या मराठी माणसाच्या बॅगेत जे स्थान गोडा मसाला आणि मेतकुटाला, तेच या लोकांच्या बॅगेत व्हेजेमाइटला होते. यीस्टपासून केलेला हा काळाकुट्ट, खारट लेप 1923 पासून ऑस्ट्रेलियात विकला जातो. इंग्रजांचा मार्माइट दिसायला अगदी तसाच, आणि म्हणूनच ऑस्ट्रेलियन माणसाला तो सहन होत नाही.

आता पैसा. ब्रिटनमधल्या स्थानिक बँडना सरकारचा बराच आधार होता. बेकारभत्ता हा त्या दशकातला संगीताचा सर्वांत मोठा आश्रयदाता, राजाश्रय म्हणावा इतका. 1983 पासून देशभर ‘एंटरप्राइज अलाउन्स’ योजना आली: बेरोजगाराने स्वतःचा धंदा काढला तर आठवड्याला 40 पौंड, वर्षभर. अट अशी की धंद्यात घालायला खात्यावर हजार पौंड दिसले पाहिजेत. हजार पौंड असलेला बेरोजगार मिळणे अवघड. त्यामुळे एकच हजाराची रक्कम या खात्यातून त्या खात्यात अशी मित्रमंडळींत फिरे. भिशी मात्र कोणाला लागत नसे. थॅचरबाईंनी दुकानदार घडवायला काढलेल्या योजनेतून गिटारवाले पोसले गेले. परक्या देशातून आलेल्यांना या पंगतीत बसणे इतके सोपे नव्हते. त्यांनी भांडी घासली, रेकॉर्डच्या खोक्यांना चिकटपट्ट्या लावल्या आणि घरून आलेल्या मनिऑर्डरींना ‘रॉयल्टी’ म्हटले.

खऱ्या रॉयल्टीचा हिशेब इंडी लेबलवर कागदोपत्री फार उदार असे. लंडनचे ‘रफ ट्रेड’, 1976 साली रेकॉर्डचे दुकान म्हणून सुरू झालेले, बँडशी नफा निम्मानिम्मा वाटून घेई. मोठ्या कंपन्या टक्क्या-टक्क्यासाठी भांडत असताना निम्मा नफा म्हणजे दिलदारीच. पण आधी खर्च वजा व्हायचा: स्टुडिओ, छपाई, वेष्टन, जाहिरात, टपाल. खर्च वजा जाता जे उरे त्याच्या निम्म्यात पाच जणांचा वाटा करायला बसले की मध्ये बसचे भाडेही धरता येत नसे. रफ ट्रेडने 1983 मध्ये मँचेस्टरच्या द स्मिथ्सना घेतले आणि लेबलचा जीव, पैसा व फोन तिकडे गुंतला. त्याच लेबलवर असलेल्या गो-बिटवीन्सना पुढल्या रेकॉर्डसाठी दुसरे घर शोधावे लागले.

बँडची अंतर्गत रचना मराठी माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही, कारण संगीत नाटक मंडळ्यांनी ती आधीच घालून दिली आहे: बिऱ्हाड, पंगत, रुसवेफुगवे, मालक कोण यावरून वाद आणि कर्ज. गंधर्व नाटक मंडळी कर्जात बुडाली ती शालू, अत्तरे आणि गालिचे यांच्यापायी. इंडी बँड बुडतो तो गिअरबॉक्सपायी, एवढे तारतम्य ठेवावे. प्रत्येक बँडमध्ये एक माणूस असा लागतो ज्याला पावती जपून ठेवता येते. बर्थडे पार्टीत रंगमंचावर निक केव्ह लोळत, किंचाळत, माइकच्या दांड्याशी झुंजत असे, तेव्हा हिशेबाची आणि व्यवस्थेची बरीचशी बाजू मिक हार्वी सांभाळत होता. इतिहासात लोळणाऱ्याचे नाव मोठे होते. पण पावत्यांशिवाय लोळायला जागा भाड्याने मिळत नाही.

गो-बिटवीन्सची घडण आणखी घरगुती. रॉबर्ट फॉर्स्टर आणि ग्रँट मॅकलेनन हे क्वीन्सलंड विद्यापीठातले मित्र. फॉर्स्टरला बँड काढायचा होता आणि मित्रच हवा होता. मित्राला वाद्य येत नव्हते. म्हणून त्याने मित्राला बेस गिटार शिकवली आणि डिसेंबर 1977 मध्ये बँड उभा केला. आधी माणूस निवडायचा आणि मग त्याला काम शिकवायचे, ही पद्धत एरवी फक्त जावई कारखान्यात लावताना वापरतात. इथे ती कमालीची यशस्वी झाली. शिकाऊ बेसवादक काही वर्षांत दशकातल्या उत्तम गीतकारांत गणला जाऊ लागला. ड्रमवर लिंडी मॉरिसन आली, पुढे व्हायोलिन आणि ओबो घेऊन अमांडा ब्राउन. फॉर्स्टर-मॉरिसन हे जोडपे झाले, आणि तुटले. मॅकलेनन-ब्राउन हेही जोडपे झाले, आणि तुटले. सर्वांना एकाच व्हॅनमधून फिरायचे होते. मागल्या सीटवर कोणी कोणाशेजारी बसायचे, हा प्रश्न लग्नाच्या वऱ्हाडात एका दिवसापुरता असतो. इथे तो दौरा संपेपर्यंत असे.

व्हॅन हा खरे तर बँडचा सर्वांत ज्येष्ठ सदस्य. फोर्डची ट्रान्झिट ही गाडी 1965 मध्ये आली आणि ब्रिटनमधले सुतार, नळकाम करणारे, बँडवाले आणि काही चोर यांनी तिला आपले म्हटले. पुढे तीन जण, मागे ॲम्प्लिफायर, ड्रम आणि उरलेली माणसे, याच क्रमाने महत्त्व. लंडन ते ग्लासगो साडेसहाशे किलोमीटर. इंग्रज बँड या प्रवासाची चार दिवस आधी तयारी करीत. पर्थच्या माणसाला मात्र हे अंतर म्हणजे कोपऱ्यावर जाऊन पाव आणण्यासारखे वाटे, त्यामुळे तो थर्मास न घेताच निघे आणि वाटेतल्या मोटारवे कॅफेतला चहा पिऊन शहाणा होई.

खरी मौज सीमेवर. 1993 मध्ये युरोपची एकसंध बाजारपेठ होण्याआधी वाद्ये घेऊन डोव्हरपलीकडे जायचे तर कार्ने नावाचा दस्तऐवज लागे. त्यात प्रत्येक वस्तूचे नाव, क्रमांक, वजन आणि किंमत लिहायची, म्हणजे नेलेला माल परदेशात विकून आला नाहीत ना, हे ताडता येते. दृश्य साधारण असे: पहाटे पाचची वेळ, बंदरावर वारा, बोटीत कोणाचीच झोप झालेली नाही. जकात अधिकारी यादी हातात घेऊन उभा. ‘सिंबल, तीन.’ सिंबल दाखवले. ‘गिटार, इलेक्ट्रिक, लाल.’ दाखवली. ‘स्टँड, लोखंडी, सात.’ सहाच निघतात. सातवा ब्रिस्टलच्या क्लबात राहिला, हे सगळ्यांना एकदमच आठवते. आता नसलेला स्टँड युरोपात विकलेला नाही, हे सिद्ध करायचे असते, आणि तेही युरोपात पाऊल ठेवण्याआधी. ड्रमर पुढे होतो, दोन नळ्या एकमेकींना चिकटपट्टीने जोडून सातवा स्टँड सादर करतो. अधिकारी त्याकडे बराच वेळ बघतो आणि शिक्का मारतो. त्याच्याही ड्यूटीची ती शेवटची दहा मिनिटे असतात. (ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर 2021 पासून मालाच्या गाड्यांमागे हा कागद पुन्हा आला आहे, जुन्या ड्रमरांना त्याचे समाधान वाटत असावे.)

पलीकडे पोचले की मात्र जग बदले. ब्रिटनच्या क्लबात बँडच्या पाहुणचाराचा अर्थ बटाट्याच्या वेफर्सचे एक पाकीट आणि कोमट बिअर. नेदरलंड्समध्ये क्लबांना सरकारी अनुदान होते. ॲमस्टरडॅमचे ‘पॅराडिसो’ 1968 पासून एका जुन्या चर्चमध्ये भरते. ग्रोनिंगनचे ‘व्हेरा’ स्वयंसेवक चालवतात. तिथे बँडला गरम जेवण मिळे, बसून, टेबलाशी, सूपसकट. उपाशी गायकाला चर्चमध्ये सूप मिळणे ही जुनीच परंपरा, पण त्यासाठी आधी प्रवचन ऐकावे लागत नाही, ही सुधारणा. अनेक ऑस्ट्रेलियन बँडना बेल्जियम, हॉलंड, स्कँडिनेव्हियात मायदेशाहून अधिक प्रेम मिळाले. ट्रिफिड्सचे तर तिथे खास चाहते होते.

लंडनला कंटाळून बर्थडे पार्टीने 1982 मध्ये पश्चिम बर्लिन गाठले. लंडनचे पब तेव्हा रात्री अकराला बंद होत, शिवाय दुपारीही काही तास कुलूप असे. ती दुपारची वामकुक्षी 1988 मध्ये कायद्याने संपली. बर्लिनमध्ये बंद होण्याची वेळ हा प्रकारच नव्हता. पश्चिम जर्मनीतली सक्तीची लष्करसेवा बर्लिनवासीयांना लागू नव्हती, त्यामुळे बंदूक नको असलेली सगळी पोरे तिकडे जमली आणि त्यांतल्या बऱ्याच जणांनी गिटार घेतली. कोणती परवडली असती, याविषयी शेजाऱ्यांत दुमत असू शकेल. शहराला जायचे म्हणजे पूर्व जर्मनीतून जाणारा ठरावीक रस्ता, ताशी शंभरची मर्यादा आणि दोन्ही टोकांना पासपोर्ट तपासणारे गंभीर चेहरे. क्रॉइझबर्गमधली जुनी घरे स्वस्त होती: कोळशाची शेगडी, आणि संडास जिन्याच्या अर्ध्या वळणावर, शेजाऱ्यांबरोबर सामायिक. गिरगावातल्या चाळीतून कोणी थेट तिथे गेला असता तर त्याला फक्त नळाची वेळ विचारावी लागली असती. युरोपभर ज्याला अस्तित्ववादी वातावरण म्हणून नावाजले गेले त्याचा बराचसा भाग हाच. बर्थडे पार्टी पुढल्याच वर्षी, 1983 मध्ये, फुटला; बर्लिन मात्र केव्हला पुढची काही वर्षे पुरले.

वृत्तपत्रे हे आणखी एक प्रकरण. ब्रिटनमध्ये संगीताची साप्ताहिके होती आणि साप्ताहिकाला दर आठवड्याला एक तारणहार लागतो. जानेवारी 1985 मध्ये ‘एनएमई’ने ट्रिफिड्सना मुखपृष्ठावर घेऊन हे वर्ष ट्रिफिड्सचे, असे जाहीर केले. बँडला लंडनला येऊन तेव्हा जेमतेम पाच महिने झाले होते आणि त्यांच्याकडे मोठ्या कंपनीचा करारही नव्हता. जे वर्ष आपले असल्याचे जाहीर झाले त्या वर्षाचे भाडे कसे भरायचे, हे साप्ताहिकाने छापले नव्हते. ज्योतिषी निदान शांत सांगतो.

या सगळ्या धबडग्यात गाणी केव्हा लिहिली जातात, आणि कशावर? हा या विषयातला सर्वांत रसाळ भाग आहे. लंडनला येण्यासाठी ज्यांनी जिवाचा आटापिटा केला, त्यांनी लंडनला बसून लंडनवर जवळजवळ काही लिहिले नाही. मॅकलेननने निक केव्हच्या गिटारवर एक चाल बांधली. गाणे झाले ते सुटीत आगगाडीने घरी निघालेल्या शाळकरी मुलाचे, उसाच्या फडांमधून धावणाऱ्या गाडीचे, गुराढोरांचे: ‘कॅटल अँड केन’. बाहेर पाऊस, आत मीटर, आणि कागदावर क्वीन्सलंडचा ऊस. कोल्हापूर-सांगलीकडच्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. ज्याने फड पाहिला आहे त्याला तो परदेशात अधिकच दिसतो. गाण्याचा ताल अकरा मात्रांचा, अडखळता, पाय आपटायला गेलेल्या माणसाचा पाय हवेत राहावा असा. ते ध्वनिमुद्रित झाले इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, ईस्टबर्नला, आणि 1983 मध्ये बाहेर आले. विक्री बेताची. 2001 साली ऑस्ट्रेलियातल्या संगीतकारांच्या हक्कसंस्थेने देशातली आजवरची तीस श्रेष्ठ गाणी निवडली तेव्हा त्यांत ते होते.

नंतरची रेकॉर्ड करायला गो-बिटवीन्स दक्षिण फ्रान्समधल्या मिरावाल या द्राक्षमळ्यातल्या प्रासादात गेले. पिंक फ्लॉइड तिथे येऊन गेले होते. कित्येक वर्षांनी ती वास्तू ब्रॅड पिटने घेतली. बाहेर ऊन, वाइन, लव्हेंडर. रेकॉर्डला नाव दिले ‘स्प्रिंग हिल फेअर’, ब्रिस्बेनमधल्या एका पेठेतल्या जत्रेवरून. पॅरिसला जाऊन ‘सारसबाग’ नावाचा काव्यसंग्रह लिहावा, तसे. शिवाय बँडला आपल्या रेकॉर्डांच्या नावात इंग्रजी ‘एल’ हे अक्षर दोनदा आणण्याचा नाद होता, तो सहा रेकॉर्डांपर्यंत टिकला. परदेशात माणूस असल्या छोट्या व्रतांना धरून राहतो.

ट्रिफिड्सची गत हीच. बँडचा गायक-गीतकार डेव्हिड मकॉम्ब याने ‘बॉर्न सँडी डिव्होशनल’ ही रेकॉर्ड 1985 मध्ये लंडनच्या स्टुडिओत केली. वेष्टनावर पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या मँड्युरा गावाचा विमानातून काढलेला फोटो: निळे पाणी, वाळू, चार घरे. तिच्यातले ‘वाइड ओपन रोड’ 1986 मध्ये ब्रिटनच्या खपाच्या यादीत 26व्या क्रमांकापर्यंत गेले. दाट वस्तीच्या, पावसाळी बेटाने मोकळ्या रस्त्याचे गाणे विकत घेतले. पुढच्या मोठ्या रेकॉर्डला, 1987 साली, त्यांनी ‘कॅलेंचर’ नाव दिले. उष्ण कटिबंधात फिरणाऱ्या खलाशांना होणारा हा एक ताप. त्यात समुद्र हिरव्यागार शेतासारखा दिसू लागतो आणि खलाशाला उतरून त्यात चालत जावेसे वाटते. स्वतःच्या दुखण्याचे इतके अचूक निदान करून ते रेकॉर्डच्या वेष्टनावर छापणारा रुग्ण विरळा.

मधे एकदा ते घरी गेले होते. 1986 च्या एप्रिलात, मकॉम्ब कुटुंबाच्या शेतावर, पर्थपासून सुमारे सहाशे किलोमीटरवर, मेंढ्यांची लोकर कातरण्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी आठ ट्रॅकचे भाड्याचे यंत्र नेऊन एक अख्खी रेकॉर्ड केली, ‘इन द पाइन्स’. तिचा जमाखर्च असा: यंत्राचे भाडे 300 डॉलर, जेवण 340, पेट्रोल 240, बिअर-वाइन-दारू 310. एकूण 1,190 ऑस्ट्रेलियन डॉलर. रॉक संगीताच्या इतिहासातला हा बहुधा सर्वांत प्रामाणिक ताळेबंद. दारूवर यंत्रापेक्षा दहा डॉलर जास्त गेले, पण जेवणापेक्षा तीस कमी, यावरून बँड सुसंस्कृत घरचा होता हे कळते. लंडनच्या स्टुडिओचे जे बिल येई त्यात जेवण आणि दारू वेगळी दाखवत नसत. ती ‘इतर’मध्ये असत.

परतीचा प्रवास बहुधा ठरवून होत नाही. व्हिसा संपतो, लेबल बदलते, कोणाची आई आजारी पडते, कोणाला उजेड हवासा वाटतो. लंडनमध्ये पाचेक वर्षे काढून गो-बिटवीन्स 1987 अखेरीस सिडनीला आले, सूर्यप्रकाशात ‘16 लव्हर्स लेन’ ही आपली सर्वांत गोड रेकॉर्ड केली आणि डिसेंबर 1989 मध्ये मोडले. ट्रिफिड्सही त्याच वर्षी थांबले. परदेशात गरिबीने, थंडीने आणि व्हॅनने जे टिकवले ते घरी, आपापल्या स्वतंत्र घरांत, दोनेक वर्षांत सुटले. पांगापांग नेहमीसारखी: ट्रिफिड्सचा ड्रमर अल्सी मॅक्डोनल्ड वकील झाला, बेसवादक मार्टिन केसी केव्हच्या नव्या बँडमध्ये गेला, फॉर्स्टर काही वर्षे जर्मनीत जाऊन राहिला. मकॉम्ब 1999 मध्ये गेला, तेव्हा तो चाळिशीलाही पोचला नव्हता. फॉर्स्टर आणि मॅकलेननने 2000 मध्ये बँड पुन्हा उभा केला, तो मॅकलेननच्या 2006 मधल्या मृत्यूपर्यंत चालला.

ज्या ब्रिस्बेनने त्यांना पोलीस पाठवले होते, त्याच ब्रिस्बेनने 2010 मध्ये आपल्या नदीवर चार मार्गिकांचा नवा पूल बांधला आणि लोकांकडून नावे मागवली. लोकांनी बँडचे नाव सुचवले: ‘गो बिटवीन ब्रिज’. पूल टोलचा आहे. पायी किंवा सायकलवरून जाणाऱ्यांना काही पडत नाही. मोटारीला टोल आहे, आणि सामान वाहणाऱ्या व्हॅनला मोटारीपेक्षा जास्त.